ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीतील जमिनी

मुंबई बेट इंग्रजांकडे कसे आले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडच्या राजाशी झाला आणि मुंबई आंदणात गेली. या गोष्टीत लग्न आहे, राजेलोकांचा बेफिकीरपणा आहे आणि थोडी गंमतही आहे. त्यामुळे ती स्मरणात राहते. तिचा पुढला भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. २७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्सने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. त्या वेळच्या सनदेत एक विलक्षण कलम आहे. कंपनीने हे बेट धारण करावयाचे ते केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच येथील राजाच्या जहागिरीचा भाग असल्याप्रमाणे, आणि त्याचा खंड म्हणून दरवर्षी ३० सप्टेंबरला सोन्याच्या रूपात दहा पौंड भरावयाचे. मुंबईच्या नारळीबागा, भातखाचरे आणि कोळीवाडे हे सारे अशा रीतीने कागदावर थेम्स नदीकाठच्या एका गावाची जमीन ठरले.

हे कलम कोणा कारकुनाने मुंबईसाठी नव्याने रचले नव्हते. १० एप्रिल १६०६ रोजी पहिल्या जेम्सने व्हर्जिनियाची सनद दिली, तीत ते आहे. १६२९ च्या मॅसॅच्युसेट्स बेच्या सनदेतही ते आहे. ईस्ट ग्रीनिचच का, याचे उत्तर इंग्लंडच्या जमीनकायद्यात सापडते. थेट राजाकडून धारण केलेल्या जमिनीवर जुन्या सरंजामशाहीची अनेक बंधने असत. लढाईची चाकरी द्यावी लागे, आणि वारस अज्ञान असल्यास त्याचे पालकत्वही राजाकडे जाई. एखाद्या ठरावीक राजजहागिरीच्या नावाने साध्या खंडावर जमीन धारण केली की ही बंधने टळत. थोडक्यात, समुद्रापलीकडे पैसा गुंतवणाऱ्यांना दिलेली ती सवलत होती. पण कायद्यातली सोय आणि भाषेतली कल्पना यांच्यात फार अंतर नसते, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. ज्या भूमीवर सनद लिहिणाऱ्याने पाऊल ठेवलेले नाही, ती आपल्या परसातली आहे असे मानून चालण्याची सवय या एका वाक्याने लावली.

आम्हाला येथे या सनदांकडे वाचनीय मजकूर म्हणून पाहायचे आहे. इंग्रजांच्या वसाहतींचा आरंभीचा कारभार हा मुळात व्यापारी मंडळींच्या कारभाराचा विस्तार होता. गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर, असिस्टंट, जनरल कोर्ट हे सारे शब्द कंपन्यांच्या व्यवहारातले आहेत. जनरल कोर्ट म्हणजे भागधारकांची सर्वसाधारण सभा. या सभेचे कुठे विधिमंडळ झाले आणि कुठे झाले नाही, हा प्रश्न आमच्या मते बऱ्याच अंशी सनद कोणाच्या हातात होती आणि ती वाचून दाखवा असे म्हणण्याची ताकद कोणात होती, यावर येऊन ठरतो. आपल्या अभ्यासक्रमात बेकनचे निबंध असतात, पण वसाहतींवरचा त्याचा १६२५ चा निबंध क्वचितच लावला जातो, आणि १६१० च्या न्यूफाउंडलंड कंपनीच्या सनदेत स्वतः बेकनचे नाव आहे हेही सांगितले जात नाही. असो.

१६०६ च्या सनदेची रचना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. चौतीस ते पंचेचाळीस अक्षांशांमधला अमेरिकेचा किनारा तिने लंडन आणि प्लिमथ येथील दोन मंडळींना वाटून दिला. कोणत्याही ख्रिस्ती राजाच्या किंवा लोकांच्या प्रत्यक्ष ताब्यात नसलेली जमीन, अशी देय भूमीची व्याख्या होती. लंडनच्या मंडळीने जी जागा निवडली तेथे पोहॅटन नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाच्या सत्तेखाली सुमारे तीस जमाती नांदत होत्या. त्यांच्या भूमीला त्यांचे स्वतःचे नाव होते, त्सेनाकोमाका. ख्रिस्ती हे एक विशेषण मध्ये आले आणि वसती असलेली भूमी रिकामी झाली. आणखी एक कलम असे की, तेथे राहावयास जाणाऱ्या प्रजाजनांना आणि तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना, ती इंग्लंडात जन्मली असती तर जे हक्क मिळाले असते ते सर्व मिळतील. या दुसऱ्या कलमाचे गोडवे फार गायले गेले आहेत. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा वळायचे आहे.

तीन जहाजे डिसेंबर १६०६ मध्ये निघाली. तिकडे गेल्यावर कारभार कोणी पाहायचा, त्या माणसांची नावे एका मोहोरबंद पेटीत होती आणि किनाऱ्याला लागल्यावरच ती उघडायची असा हुकूम होता. चार महिने समुद्रावर एकमेकांशी भांडत चाललेल्या शंभराहून अधिक माणसांपैकी आपला भावी राज्यकर्ता कोण, हे कोणालाच माहीत नव्हते. एप्रिल १६०७ मध्ये पेटी उघडली, तेव्हा कारभारी मंडळात कॅप्टन जॉन स्मिथ याचे नाव निघाले. हा गृहस्थ त्या वेळी बंडखोरीच्या आरोपावरून कैदेत होता. त्याला मंडळावर जागा मिळायला जून उजाडला. पहिला अध्यक्ष विंगफील्ड याला सप्टेंबरातच पदच्युत करण्यात आले, मंडळाच्या एका सदस्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि वर्ष संपेपर्यंत जेम्सटाउनच्या लाकडी कोटात चाळीसच्या आत-बाहेर माणसे उरली. मृत्यूचे कारण बहुतांशी रोग आणि वाईट पाणी. पण जी काही राज्यव्यवस्था होती तिने माणसे वाचवली असे कोणी म्हणणार नाही.

कंपनीने यावर उपाय काढला तो कागदी. १६०९ मध्ये दुसरी सनद घेण्यात आली. तिने राजाचे नियंत्रण कमी केले, लंडनच्या मंडळाला अधिकार दिले, वसाहतीवर एकच सर्वाधिकारी गव्हर्नर नेमला, आणि वसाहतीची हद्द एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत नेली. मधे किती भूमी आहे हे लिहिणाऱ्यांना माहीत नव्हते. नव्या सत्तेचे कागदपत्र आणि अधिकारी ज्या जहाजातून निघाले ते सी व्हेंचर जुलै १६०९ मध्ये वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर आदळले. राज्यकर्ते एका निर्जन बेटावर आणि प्रजा जेम्सटाउनला, अशी स्थिती दहा महिने होती. या मुदतीत जेम्सटाउनमध्ये जो दुष्काळ पडला त्यात काहीशे माणसांपैकी साठच्या आसपास शिल्लक राहिली. भुकेने माणसांनी माणसे खाल्ल्याच्या नोंदी समकालीन लेखनात आहेत आणि दीर्घकाळ त्यांच्याकडे अतिशयोक्ती म्हणून पाहिले जाई. २०१२ मध्ये तेथील उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीचे अवशेष मिळाले. कवटीवरच्या शस्त्राच्या खुणांवरून त्या नोंदी खऱ्या असल्याचे पुढच्या वर्षी संशोधकांनी जाहीर केले.

सी व्हेंचरवर विल्यम स्ट्रेची नावाचा एक साहित्यप्रेमी गृहस्थ होता. त्याने १५ जुलै १६१० या तारखेचे एक प्रदीर्घ पत्र लिहिले. ते छापले गेले १६२५ मध्ये, पण हस्तलिखित रूपात शेक्सपिअरने ते पाहिले असावे आणि ‘द टेम्पेस्ट’मधील वादळाला त्यातून सामग्री मिळाली असावी, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. प्रॉस्पेरो, कॅलिबन आणि वसाहतवाद यांवरची चर्चा आपल्या महाविद्यालयांतून गेली कित्येक दशके चालू आहे, आणि ती चालावीही. आमची तक्रार एवढीच की, या चर्चेत स्ट्रेची फक्त वादळाचा पुरवठादार म्हणून येतो. त्याच स्ट्रेचीने १६१२ मध्ये लंडनमध्ये व्हर्जिनियाच्या ‘दैवी, नैतिक आणि लष्करी’ कायद्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. गव्हर्नर गेट्स आणि डेल यांनी १६१० व १६११ मध्ये लागू केलेले हे कायदे उत्तर अमेरिकेतील इंग्रजी भाषेतली पहिली कायदेसंहिता होत. रोज दोन वेळा प्रार्थनेला हजेरी सक्तीची. रविवारी तिसऱ्यांदा गैरहजर राहणाऱ्याला मृत्युदंड. कोठारातून चोरी केल्यास मृत्युदंड, स्थानिक लोकांशी परवानगीशिवाय देवघेव केल्यास मृत्युदंड. प्रॉस्पेरो कॅलिबनला पेटके आणि चिमट्यांची धमकी देतो तो संवाद शिकवताना हे दुसरे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. प्रॉस्पेरोचा कडक अंमल तेथे फक्त मूळ रहिवाशांवर नव्हता, तो स्वतःच्या खलाशांवरही होता. इंग्लंडात जन्मल्याप्रमाणे हक्क देणारे कलम या काळात कायम होते. ते कोणी रद्द केले नव्हते. ते वाचून दाखवा म्हणणारा कोणी नव्हता.

वसाहत तगली ती तंबाखूवर. ज्या जेम्सने १६०४ मध्ये तंबाखूच्या विरोधात पुस्तिका लिहिली त्याच्याच नावाच्या गावातून तंबाखूची पिपे लंडनला जाऊ लागली. आता माणसे हवी होती, आणि फटक्यांच्या जोरावर माणसे बोलावता येत नाहीत. म्हणून नोव्हेंबर १६१८ मध्ये कंपनीने गव्हर्नर यिअर्डलीबरोबर नव्या सूचना पाठवल्या. स्वखर्चाने येणाऱ्याला आणि आणलेल्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकर जमीन देण्याचे ठरले, लष्करी कायदा उठवला गेला, आणि प्रत्येक वस्तीतून दोन प्रतिनिधी बोलावून वर्षातून एकदा सभा भरवावी असेही ठरले. वसाहतकऱ्यांनी या कागदाला मोठी सनद असे नाव दिले.

ही सभा ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या लाकडी चर्चमध्ये भरली. आधुनिक लोकशाहीचा अमेरिकेतील उगम म्हणून तिचे वर्णन केले जाते. तिच्या कामकाजाचा वृत्तांत मात्र फार साधा आणि त्यामुळेच फार वाचनीय आहे. अकरा वस्त्यांमधून बावीस प्रतिनिधी आले होते. पहिलाच वाद सदस्यत्वाचा निघाला. कॅप्टन जॉन मार्टिन याच्या जमिनीच्या सनदेत, त्याची जागा वसाहतीच्या कायद्यांना बांधील नाही असे कलम होते. जो कायदा पाळायला बांधील नाही त्याने तो करायला का बसावे, असा सरळ प्रश्न सभेने विचारला आणि त्याच्या दोन प्रतिनिधींना परत पाठवले. मग सभेने मोठी सनद मोठ्याने वाचून घेतली आणि तिची छाननी करायला दोन समित्या नेमल्या. आमच्या दृष्टीने त्या आठवड्यातली ही सर्वांत महत्त्वाची घटना. लंडनहून आलेला हुकूम श्रोत्यांनी मजकूर म्हणून तपासायला घेतला, आणि त्यात काय बदलून मागता येईल हे ठरवले. पुढे तंबाखूचा भाव ठरला, उत्तम प्रतीच्या पौंडाला तीन शिलिंग आणि हलक्या प्रतीच्या पौंडाला अठरा पेन्स. आळस, जुगार आणि दारूबाजी यांवर नियम झाले. दुभाषा हेन्री स्पेलमन याने स्थानिक प्रमुखापुढे गव्हर्नरविषयी अनादराने बोलल्याबद्दल त्याची चौकशी झाली आणि त्याला सात वर्षे वसाहतीची दुभाषाची चाकरी करण्याची शिक्षा मिळाली. उकाडा असह्य होता, एक प्रतिनिधी सभा चालू असतानाच मरण पावला, आणि ४ ऑगस्टला सभा आटोपती घेण्यात आली.

या सभेचा सभापती जॉन पोरी हा आपल्या वाचकांच्या परिचयाचा निघावा. अल्-हसन अल्-वझ्झान, अर्थात लिओ आफ्रिकानस, याच्या आफ्रिकावर्णनाचे इंग्रजी भाषांतर १६०० मध्ये ज्याने केले तो हाच. ‘ऑथेल्लो’च्या अभ्यासकांना ते भाषांतर ठाऊक असते. सभा संपून महिना उलटायच्या आत, ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस, व्हाइट लायन नावाचे जहाज पॉइंट कम्फर्टला आले. त्यावर वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे होती. अंगोलातून मेक्सिकोकडे चाललेल्या एका पोर्तुगीज गुलामजहाजावरून ती लुटून आणलेली होती. गव्हर्नर यिअर्डली आणि कंपनीचा कोठारप्रमुख यांनी अन्नधान्य देऊन ती घेतली. पोरीला आफ्रिकेतील नगरे, बाजार, विद्वान आणि ग्रंथ यांची पुस्तकी माहिती त्या वसाहतीत कोणाहूनही जास्त होती. समोर उभ्या असलेल्या माणसांच्या आणि आपण भाषांतरिलेल्या पानांच्या संबंधाविषयी त्याला काय वाटले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

त्या माणसांची कायद्यातली स्थिती काय, हे सांगणारे एकही कलम तेव्हा व्हर्जिनियात नव्हते. ते १६६२ मध्ये आले, आणि ते कंपनीने किंवा राजाने लिहिले नाही. त्याच सभेच्या वारसांनी ते लिहिले. इंग्लंडच्या कायद्यात अपत्य पित्याच्या दर्जाने ओळखले जाई. सभेने ठरवले की व्हर्जिनियात इंग्रज पुरुषापासून आफ्रिकी स्त्रीला झालेले मूल आईच्या दर्जाप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र ठरेल. १६०६ च्या सनदेने तेथे जन्मणाऱ्या मुलांना इंग्लंडात जन्मल्याचे हक्क दिले होते. छप्पन्न वर्षांनी त्या वाक्यातला जन्म हा शब्दच सभेने दुभंगला. प्रातिनिधिक सभा आणि वंशपरंपरेची गुलामगिरी एकाच उन्हाळ्यात एका किनाऱ्यावर उतरल्या, हा योगायोग म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. १६६२ च्या कायद्याकडे पाहिले की त्याला योगायोग म्हणणे कठीण होते. कायदे करण्याची सत्ता जमीनधारकांच्या हाती आली आणि त्यांनी ती आपल्या मालमत्तेच्या कामी लावली.

कंपनीचा शेवट लवकर झाला. २२ मार्च १६२२ रोजी ओपेचॅनकानो याच्या नेतृत्वाखाली स्थानिकांनी वस्त्यांवर हल्ला केला. तीनशे सत्तेचाळीस वसाहतकरी मारले गेले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला जॉन डनने कंपनीच्या सभासदांपुढे प्रवचन दिले, आणि खजिनदार म्हणून व्हर्जिनियात गेलेला जॉर्ज सँडिस या धामधुमीतच ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसेस’चे भाषांतर पुरे करत होता. ते १६२६ मध्ये प्रसिद्ध झाले. मे १६२४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने कंपनीची सनद रद्द ठरवली आणि व्हर्जिनिया राजाच्या ताब्यात गेली. राजाने सभेला मान्यता दिली नाही आणि बंदीही घातली नाही. ती भरतच राहिली, आणि १६३९ मध्ये पहिल्या चार्ल्सने तिला रीतसर संमती दिली.

मॅसॅच्युसेट्सची कथा याहून चतुर आहे. ४ मार्च १६२९ च्या सनदेने एक गव्हर्नर, एक डेप्युटी गव्हर्नर, अठरा असिस्टंट आणि वर्षातून चार वेळा भरणारी जनरल कोर्ट अशी नेहमीची कंपनीरचना दिली होती. अशा सनदांत कंपनीची कचेरी इंग्लंडात असावी हे गृहीत असे. या सनदेत सभेचे स्थळ लिहिलेलेच नव्हते. हे अनवधान होते की कोणाची युक्ती, यावर वाद आहे. प्युरिटन भागधारकांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. २६ ऑगस्ट १६२९ रोजी केंब्रिज येथे बारा जणांनी करार केला की, सनद आणि कंपनीचा सारा कारभार आपल्याबरोबर अमेरिकेत नेता येणार असेल तरच आपण सहकुटुंब जाऊ. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप गव्हर्नर म्हणून निघाला तेव्हा मूळ सनद त्याच्यासोबत होती. डोंगरावरच्या नगराचा दाखला देणारे त्याचे प्रवचन आज अमेरिकी वाङ्मयाच्या प्रत्येक संकलनात पहिल्या पानांवर असते, पण ते पहिल्यांदा छापले गेले १८३८ मध्ये. त्या पिढीच्या दृष्टीने मोलाचा मजकूर पेटीतली सनद हाच होता.

आणि ती पेटी विन्थ्रॉपने बंद ठेवली होती. कायदे आणि कर मूठभर असिस्टंट ठरवू लागले. १६३२ मध्ये वॉटरटाउनच्या लोकांनी, आमच्या संमतीशिवाय लादलेला कर आम्ही का द्यावा, असा आक्षेप घेतला. विन्थ्रॉपने त्यांना समजावून परत पाठवले. १६३४ च्या वसंत ऋतूत मात्र निरनिराळ्या गावांचे प्रतिनिधी थेट त्याच्याकडे आले आणि सनद दाखवा म्हणाले. त्याने ती दाखवली. वाचणाऱ्यांना ताबडतोब दिसले की कायदे करण्याचा अधिकार सर्व सभासदांच्या जनरल कोर्टाला दिलेला आहे, असिस्टंटांना नव्हे. त्या वर्षीच्या सभेत प्रतिनिधींनी तो अधिकार परत घेतला, आणि विन्थ्रॉप गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. भागधारकांच्या सभेचे विधिमंडळ झाले ते येथे. अर्थात सभासदत्व १६३१ पासून चर्चच्या सदस्यांपुरते मर्यादित होते, स्त्रिया तर त्यात नव्हत्याच. तेव्हा या वाचकवर्गाला सारी जनता म्हणण्याची घाई कोणी करू नये.

या विधिमंडळाची दोन सभागृहे झाली त्यामागे एक डुकरीण आहे. बोस्टनमधल्या शर्मन नावाच्या गरीब बाईची डुकरीण हरवली. कीन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने ती मारली असा तिचा आरोप होता. खटला वर्षानुवर्षे रेंगाळत जनरल कोर्टापर्यंत गेला. प्रतिनिधींचा कल बाईकडे, असिस्टंटांचा व्यापाऱ्याकडे. एकत्र मोजायचे की वेगवेगळे, या भांडणातून १६४४ मध्ये दोघांनी निरनिराळे बसायचे ठरवले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत द्विसदनी पद्धतीची जी भारदस्त कारणे असतात त्यांत हा प्राणी सापडत नाही.

१६४१ ची हक्कांची संहिता नॅथॅनिएल वॉर्ड याने तयार केली. तीत शंभराच्या आसपास कलमे आहेत. पत्नीला मारहाण करू नये, जनावरांशी क्रूरतेने वागू नये, अशी त्या काळाच्या मानाने पुढारलेली कलमे तीत आढळतात. एक्याण्णवे कलम म्हणते की गुलामगिरी असणार नाही. आणि लगेच अपवाद सांगते, न्याय्य युद्धातले कैदी आणि स्वतःला विकणारे वा आपल्याला विकले गेलेले परके. अपवाद इतका रुंद आहे की नियम त्यातून आरपार निघून जावा.

आता मुंबई. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने बेटाचा ताबा घेतला तोपर्यंत राजाने पाठवलेल्या सैन्यातली बहुतेक माणसे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता मरून गेली होती. त्यांचा प्रमुख शिपमनही तेथेच गेला. राजाला हे बेट परवडेना, म्हणून १६६८ ची सनद. तिने कंपनीला कायदे करण्याची सत्ता दिली, ते इंग्लंडच्या कायद्यांशी होता होईल तो जुळते असावेत ही अट घातली, आणि बेटावरील राजाच्या प्रजाजनांची तेथे जन्मणारी संतती इंग्लंडात जन्मल्याप्रमाणे राजाची स्वाभाविक प्रजा मानली जाईल असे सांगितले. व्हर्जिनियाच्या सनदेशेजारी ठेवून पाहिले तर साचा तोच असल्याचे लक्षात येते.

फरक जमिनीवर होता. मुंबई ख्रिस्ती राजाकडून मिळालेली असल्यामुळे तिला रिकामी म्हणण्याची सोय नव्हती. येथे पोर्तुगीज वतनदार होते, त्यांचे दस्त होते, आणि तहाने त्यांना धर्माचे व मिळकतीचे आश्वासन दिलेले होते. कोणती जमीन राजाची आणि कोणती खाजगी, या प्रश्नावर गव्हर्नर जेराल्ड आँजिये याने १६७२ मध्ये बेटावरील प्रमुख जमीनधारकांची सभा बोलावली. वाटाघाटींतून ठरले की जमिनी त्यांच्याकडे राहाव्यात आणि त्यांनी सर्वांच्या वतीने कंपनीला दरसाल वीस हजार झेराफिन द्यावेत. झेराफिन हे गोव्याच्या पोर्तुगीजांचे चांदीचे नाणे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोर्तुगीज कायदा उठवून इंग्रजी न्यायालय सुरू झाले, मिरवणुकीने, वाजतगाजत. वेगवेगळ्या समाजांनी आपापले पंच नेमून आपसातले तंटे सोडवावेत ही कल्पनाही आँजियेची. १६७७ मध्ये दीवच्या निमा पारख या वाण्याशी कंपनीने केलेल्या करारात धर्माचरणाची आणि प्रेतदहनाची मोकळीक लिहून दिलेली आहे. आपल्याकडच्या कौलनाम्याशी हा कागद नाते सांगतो.

आँजियेचे कौतुक आम्हालाही मान्य आहे. पण १६७२ ची जमीनधारकांची सभा आणि १६१९ ची जेम्सटाउनची सभा यांची तुलना करून पाहावी. पहिलीला करार करता आला. कंपनीची सनद समोर ठेवा, आम्ही ती तपासतो, असे म्हणण्याचा प्रसंग तिच्या वाट्याला आला नाही. सनद सुरतेच्या आणि लंडनच्या दप्तरांत राहिली, ज्यांच्याविषयी ती होती त्यांच्या भाषेपासून दूर. त्या सभेतून विधिमंडळ उगवले नाही. मुंबईच्या रहिवाशाला स्वाभाविक प्रजा म्हणणारे कलम मुंबईत कोणी हक्काच्या मागणीसाठी वापरले असेल, तर ते बेटावरच्या इंग्रजांनीच, आणि तेही वेगळ्या अर्थाने.

ते घडले डिसेंबर १६८३ मध्ये. कंपनीने खर्चकपात करून शिपायांचे पगार घटवले होते, सिद्दी आणि मराठे यांच्या कचाट्यात बेटाचे संरक्षण ढिले पडले होते. फौजेचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन याने डेप्युटी गव्हर्नर वॉर्ड याला कैद केले, कंपनीची सत्ता संपल्याचे जाहीर केले आणि बेट राजाच्या नावाने चालवू लागला. त्याने छत्रपती संभाजी महाराजांशी स्वतंत्र तह केला, आणि जवळपास अकरा महिने नीट कारभार केला. बेट राजाचे आहे आणि कंपनी नुसती खंडकरी आहे, या युक्तिवादाला आधार ईस्ट ग्रीनिचच्या त्याच कलमाचा होता. चार्ल्सने मात्र खंडकऱ्याची बाजू घेतली. ऑक्टोबर १६८४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने मॅसॅच्युसेट्सची सनद रद्द केली, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत केग्विनने माफीच्या अटीवर किल्ला परत दिला.

किल्ला ताब्यात घ्यायला आलेला माणूस सर थॉमस ग्रँथम. आठ वर्षांपूर्वी व्हर्जिनियात नॅथॅनिएल बेकनच्या बंडात जेम्सटाउन जाळले गेले होते, आणि बेकन वारल्यावर जानेवारी १६७७ मध्ये उरलेल्या बंडखोरांना शस्त्रे खाली ठेवायला लावणारा कप्तान हाच होता. त्यांच्यात गोरे नोकर आणि आफ्रिकी गुलाम एकत्र होते. ग्रँथमने त्यांना माफी आणि स्वातंत्र्य कबूल केले. सुमारे ऐंशी आफ्रिकी आणि वीस इंग्रज तरीही शस्त्रे सोडीनात, तेव्हा त्यांना एका होडीत बसवून त्याने आपल्या जहाजाच्या तोफांच्या माऱ्यात आणले आणि त्यांच्या मालकांच्या हवाली केले. मुंबईत त्याने दिलेली माफी पाळली गेली. केग्विन इंग्लंडला परतला, राजाच्या आरमारात कप्तान झाला, आणि जून १६९० मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर फ्रेंचांशी लढताना मारला गेला.